टारफुल्याची पट्टी

बैलाच्या खुरात अडकलेली निळी चिंधी गंगम्माला खळ्याच्या कडेवरूनच दिसली.

"थांबवा ती बैलं!"

बैलांच्या पातीमागून फिरणाऱ्या लिंबाजीने मान वर केली, पण चाबूक खाली घेतला नाही. चारही बैल मधल्या तिवड्याच्या खांबाभोवती फिरतच राहिले.

"लिंबाजी, थांबव म्हणते ना!"

"अव्वा, मालक म्हणले दुपारच्या आत मळून व्हायला पायजे. तालुक्याचे शेतकी साहेब यायलेत."

गंगम्मा डोक्यावरची भाकरीची पाटी खाली ठेवून सरळ खळ्यात शिरली आणि कडेच्या बैलाची वेसण धरली. बैल फुरफुरून थांबला. त्याचा खूर उचलून तिने चिंधी सोडवली. तिच्याच जुन्या लुगड्याची होती. मग ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी कणसं उपसू लागली. लाल चिंधी मिळाली. पिवळी मिळाली. हिरव्या काठाची मिळाली. प्रत्येक चिंधीत कणसांचा एकेक झुबका बांधलेला होता, आणि प्रत्येक कणीस रितं होतं. दाणे खाली गेले होते, इतर हजारो दाण्यांत.

लिंबाच्या सावलीतून तिचा धाकटा दीर, गुरुसिद्धप्पा, रुमाल डोक्याला गुंडाळत उठला.

"वैनी, रास पडायच्या आत खळ्यावर वरडू न्हाय. बरकत जाते."

"माझी जुडी इथं कुणी आणली?"

"म्याच आणायला सांगितलो. आमच्या शिवगंगेनं काढून दिली."

"चुलीवरची?"

"चुलीवरचीच. आनखी कुठली हाय तुमची?" तो हसला. "साहेबाला टारफुल्याच्या रानात टिकलेलं बी पायजे. सात गावांत वाटणार हायेत. आपलं रान टारफुल्याचं म्हणून गावभर नाव हायच की. तुमची कणसं चिमणीच्या तोंडाएवढी. ती एकटी दाखवली असती तर साहेब हसला असता. म्हणून वरच्या पट्टीतली मोठी मोठी खुडून त्यात घातली. बगा, कोपराएवढं एकेक कणीस हाय."

"वरच्या पट्टीत टारफुला कवा होता?"

"रान एकच की, वैनी."

गंगम्मा उठली. तिच्या मुठीत चार चिंध्या होत्या. तिने वेसण सोडली. आता बैल थांबवून काही मिळणार नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. लिंबाजीने तिच्याकडे न बघता बैलांना हाक दिली.

सहा वर्षांचं काम होतं ते. पट्टीतली सगळी निवडलेली कणसं बांधलेली ती मोठी जुडी चुलीवरच्या आढ्याला टांगलेली असे. धुराने कीड लागत नसे, म्हणून घराघरांत बियाणं तिथंच असतं. सगळं एकाच जागी ठेवलं, निम्मं दुसरीकडे लपवून ठेवलं नाही, ही चूक तिची स्वतःची होती. हेही तिला तिथं उभ्या उभ्याच कळलं, आणि त्याने तिचा राग कमी झाला नाही.

बेंबळीच्या शिवारातलं त्यांचं रान नाल्याकडे उतरत जाई. वरची पट्टी काळी, कसदार. खालच्या पट्टीत टारफुला. ज्वारी गुडघ्याएवढी झाली की तिथली ताटं अचानक माना टाकत. जमिनीत ओल असे, तरी पानं पाणी न मिळाल्यासारखी वळत. मग महिन्याभराने बुडाशी टारफुल्याची बारीक पांढऱ्या फुलांची झुडपं वर येत. तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असे. कारण टारफुला वर येण्याच्या कितीतरी आधी, जमिनीखाली, ज्वारीच्या मुळाला तोंड लावून बसलेला असतो. एका झुडपाचं बी मुठीत धरलं तर धुळीसारखं उडतं, आणि मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं.

फसली तेराशे शेहेचाळीसच्या, म्हणजे सहा-सात वर्षांमागच्या श्रावणात गावात पटकीची साथ आली. तीन दिवसांत गंगम्माचे दोन्ही मुलगे गेले. चन्नू सात वर्षांचा होता, बसू चार. गुरुसिद्धप्पाची तीनही मुलं जिवंत राहिली. सासू तेराव्यालाच म्हणाली, "थोरलीच्या पोटात कस न्हाय." पुढे गुरुसिद्धप्पाही तेच म्हणू लागला, आधी घरात, मग पारावर. तिचा नवरा ईरण्णा काही म्हणत नसे. तीन वर्षांनी साध्या तापाने तोही गेला, तेव्हा गुरुसिद्धप्पाला आणखी एक उदाहरण मिळालं.

त्या पटकीच्या सालच्याच ज्वारीत गंगम्मा खालच्या पट्टीत टारफुला उपटत होती. वाळलेल्या ओळीत दोन ताटं शेजारीशेजारी हिरवी उभी होती. का कोण जाणे, तिने खुरप्याने दोन्हींची मुळं उकरली. पहिल्याच्या मुळाशी टारफुला नव्हताच. त्या वीतभर जागेत त्याचं बी पडलंच नव्हतं. दुसऱ्याच्या मुळांना टारफुल्याचे धागे चिकटले होते, दहा-बारा जागी, पण सगळे धागे काळे पडून वाळले होते. ताट हिरवंगार होतं.

वरून दोन्ही सारखी दिसत होती.

ती तिथं बराच वेळ बसली होती. एक चुकून राहिलं होतं आणि एक झुंजून राहिलं होतं. बघणारा दोघांनाही कसदार म्हणाला असता. आणि पलीकडे जी शंभर ताटं मेली होती, त्यांतलं एखादं पहिल्याच्या जागी असतं तर तेही उभं असतं. मग त्याला कुणी वाईट बी म्हटलं असतं का?

त्या वर्षी तिने पट्टीतली उभी राहिलेली अकरा ताटं निवडली आणि त्यांची कणसं वेगवेगळ्या चिंध्यांनी बांधली. मग गावात कुणी केलं नव्हतं ते केलं. सगळे टारफुला उपटून जाळत. तिने त्याची वाळलेली बोंडं गोळा केली, राखेत मिसळली आणि पट्टीवर सारखी पेरली, म्हणजे पुढच्या वर्षी कुठलंही ताट चुकून राहणार नाही. पुढच्या पेरणीला एका कणसाची एक ओळ, अशा अकरा ओळी तिने हाताने टोकल्या. त्यांतल्या सात ओळी आडव्या झाल्या. ती सात कणसं नुसती नशिबाची होती. चार ओळींत निम्म्याहून जास्त ताटं उभी राहिली. त्या चारांतून पुन्हा निवड, पुन्हा टारफुला, पुन्हा ओळी. यंदा सहाव्या वर्षी चारही ओळींत एकही ताट पडलं नव्हतं. कणसं लहान होती, दाणा बारीक होता, पण ओळ उभी होती.

गावात तिला 'टारफुला पेरणारी' म्हणत. बायका तिच्या सावलीतून पोरं ओढून घेत. पोरं गेली आणि बाईचं डोकं फिरलं, म्हणत. गुरुसिद्धप्पाने ती पट्टी तिच्याकडे राहू दिली होती, कारण तिथं काही पिकतच नव्हतं.

दुपारी वारा सुटला. लिंबाजीने तिवईवर उभं राहून उफणणी केली आणि भुसा उडून गेल्यावर राशीचा लहानसा ढीग उरला. पोती भरायला घेतली तेवढ्यात टांगा आला. शेतकी साहेब महांतप्पा गुलबर्ग्याकडचे होते. खाकी कोट, पायात धुळीने भरलेले बूट, हातात वही. खळ्याच्या कडेला त्यांनी बूट काढले, तेवढी रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी ओंजळभर दाणे उचलून उन्हात धरले.

"अच्छा माल आहे. कणसं ठेवलीत का?"

गुरुसिद्धप्पाने बाजूला काढलेली चार कणसं पुढे केली. चारही वरच्या पट्टीतली होती.

"बहोत खूब!" महांतप्पा म्हणाले. "हेच मी गावोगाव सांगतो. निसर्ग स्वतः निवड करतो. कमजोर असतं ते मरतं, ताकदवान असतं ते उरतं. जे उरलं ते चांगलं. आपण फक्त उचलायचं."

"माणसात बी तेच की, साहेब," गुरुसिद्धप्पा म्हणाला. पावसापाण्याबद्दल बोलावं तसं तो बोलत होता. "पटकी आली तवा बगा. आमच्या घरात पाच पोरं. तीन टिकली. बी कसदार व्हतं."

गंगम्मा राशीपलीकडे उभी होती. सात वर्षं तिने हे वाक्य ऐकलं होतं. भाकरी वाढताना ऐकलं होतं, लग्नाच्या मांडवात ऐकलं होतं. आज ते तिच्याच ज्वारीच्या राशीवर बोललं गेलं.

"साहेब," ती म्हणाली, "वरच्या पट्टीत टारफुला कधी उगवलाच न्हाय. ज्याची रोगाशी गाठच पडली न्हाय, ते टिकलं कसं म्हणता?"

महांतप्पांनी वर पाहिलं. "या कोण?"

"थोरली वैनी. भाऊ वारला माझा. जरा..." गुरुसिद्धप्पाने कपाळाजवळ बोट फिरवलं.

"माझ्या डोक्याचं राहू द्या, गुरुसिद्धप्पा. साहेबांना सांगू द्या मला." ती पुढे आली. "साहेब, ह्या राशीत दहा दाण्यांतला एक माझा हाय. खालच्या पट्टीतला. तो टारफुल्यात सहा वर्षं उभा राहिला. बाकीचे नऊ वरच्या पट्टीतले, लाडात वाढलेले. ते नुसते राहून गेलेले हायेत. दोन्ही उभेच दिसतात. कोणतं कोणतं, ते कणीस बघून कळत न्हाय. पुन्हा त्याच रानात घालावं लागतं. एकदा न्हाय, दोनदा, तीनदा. आणि जिथं टारफुला पडला न्हाय तिथं आपल्या हातानं पेरावा लागतो, म्हंजे कुणी चुकून सुटायला नको."

"टारफुला पेरता तुम्ही?"

"व्हय."

लिंबाजी आणि पोती धरणारे दोघे गडी हसले. महांतप्पा हसले नाहीत. त्यांनी हातातले दाणे पुन्हा पाहिले, या वेळी जरा जास्त वेळ.

"किती वर्षं केलंत हे?"

"सहा."

"कोणी शिकवलं?"

"कुणी न्हाय. मुळं उकरून बघितली."

त्यांनी वही उघडली, पेन्सिल काढली आणि काही न लिहिता ती पानात ठेवली. "आता या राशीतून तुमचं निराळं काढता येईल?"

"न्हाय."

"मग काय करायचं, बाई?"

"ही पोती नेऊ नका. त्या सात गावांतली माणसं हे चांगलं बी म्हणून आजारी रानात पेरतील. वर्षाचं पीक जाईल त्यांचं. आणि मग म्हणतील, टारफुल्यापुढं काही चालत न्हाय."

महांतप्पांनी टांग्याकडे पाहिलं. "मी वर कळवून बसलोय. हुकूम निघाला आहे. पोती आज रवाना व्हायला हवीत."

"हुकूम निघाला म्हणून टारफुला थांबणार व्हय?"

"वैनी!" गुरुसिद्धप्पा ओरडला. बरकतीची आठवण आता त्यालाही राहिली नव्हती.

"हवं तर वहीत तुमचं नाव लावतो," महांतप्पा हळू आवाजात म्हणाले. "गुरुसिद्धप्पांच्या नावाशेजारी."

"नाव कशाला? नऊ दाण्यांना माझं नाव लावून ते झुंजणार हायेत का?"

महांतप्पांच्या चेहऱ्यावर थोडी शरम आली. तिला ती दिसली. पण शरम आलेल्या माणसाने पेन्सिल खिशात ठेवली आणि गड्यांना पोतं शिवायची खूण केली. त्याला कळलं नव्हतं असं नाही. कळूनही त्याने तसं केलं, आणि गंगम्माला सगळ्यात जास्त राग आला तो या गोष्टीचा.

"असू द्या, साहेब," गुरुसिद्धप्पा म्हणाला, "पोटचं गेलेल्या बाईचं काय घेऊन बसलाव. तिला टिकल्यालं काही बघवत न्हाय."

गंगम्मा त्याच्याकडे वळली. तिने आवाज चढवला नाही.

"तुमची पोरं पटकीत टिकली न्हाईत, गुरुसिद्धप्पा. ती पटकीत नव्हतीच. तुमी सगळे रामलिंगाच्या दर्शनाला गेलतात. श्रावणातला सोमवार होता. आमी बी येणार होतो. म्हैस व्यायला झालती म्हणून आमी राहिलो. येताना येडशीच्या अलीकडं तुमच्या गाडीचं चाक मोडलं. सुतार तीन दिवस मिळाला न्हाय. त्या तीन दिवसांत माझी दोन्ही गेली. तुमी आलाव तवा इहिरीत औषध पडलं होतं."

बैल कडब्याला तोंड लावून उभे होते.

"म्हैस चार दिस उशिरा व्याली असती तर माझी पोरं गाडीत असती. सुतार त्याच दिवशी भेटला असता तर तुमची पोरं हितं असती. ह्यात बी कुठं आलं? कस कुठं आला? सात वर्षं तुमी माझ्या पोरांना हलकं बी म्हणालाव. मेलेल्या लेकरांना. मोडलेल्या चाकाच्या जिवावर."

गुरुसिद्धप्पाने पोत्याची सुतळी स्वतःच ओढायला घेतली. उगीचच, कारण ती आधीच ताणलेली होती.

पोती गाडीत चढली. सात लहान पोती. आठवं अर्धं भरलं होतं, ते घरच्यासाठी ठेवलं. टांगा पुढे, गाडी मागे, अशी ती बेंबळीच्या रस्त्याने निघून गेली. महांतप्पांनी एकदा मागे वळून पाहिलं.

गंगम्माने अर्ध्या पोत्यातून एक पायली दाणे ओच्यात घेतले.

"भाकरीला घरात पीठ हाय की," गुरुसिद्धप्पा तिच्याकडे न बघता म्हणाला.

"पेरायला."

त्याने अर्ध्या पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

ती खालच्या पट्टीत आली. खुडताना राहिलेलं एखादं कणीस सापडतं का म्हणून चारही ओळींतून वाकून फिरली. सरवा वेचणाऱ्या बायका परवाच येऊन गेल्या होत्या. त्यांनी त्यांचं काम नीट केलं होतं. बांधाच्या बोरीखाली एक कणीस मिळालं. निम्मं पाखरांनी खाल्लेलं. तिने दाणे मोजले, एकेचाळीस. तिच्या चार ओळींपैकी एकीतलं असेल, किंवा वाऱ्याने वरून गडगडत आलेलं असेल. चिंधी नव्हती, कळायला मार्ग नव्हता. क्षणभर तिला ते छातीशी धरावंसं वाटलं. मग तिने ते निळ्या चिंधीत बांधलं आणि ओच्यात टाकलं. त्यालाही इतरांसारखंच रानात उभं राहून दाखवावं लागणार होतं.

ती टारफुला गोळा करायला बसली. वाळलेली झुडपं बोंडं फुटू न देता उपटायची, म्हणून हात सावकाश चालवावा लागतो. पहिली दोन-तीन झुडपं मुठीतच चुरा झाली.

"अक्का."

शिवगंगा, गुरुसिद्धप्पाची बायको, बांधावर उभी होती. तिने पदर दोन्ही हातांनी पिळून धरला होता.

"जुडी म्याच काढून दिली. त्यांनी मागितली. मला वाटलं, साहेबाला दाखवून आणतेत परत."

"व्हय," गंगम्मा म्हणाली. मान वर केली नाही.

"इच्यारायला पायजे होतं तुमाला."

"पायजे होतं."

शिवगंगा बांधावरून खाली उतरली. पट्टीत पाय ठेवताना ती जरा अडखळली. इतक्या वर्षांत ती तिथं कधी उतरली नव्हती.

"अक्का, तो सुतार..." ती थांबली. "तो दुसऱ्या दिवशीच आलता. सकाळीच. त्याचं हत्यार तुटलं म्हणून माघारी गेला. तवा म्या त्याला लई शिव्या दिल्या. पोरांना घरी कवा नेईन, असं झालतं मला." तिने पिळलेला पदर सोडला. "चाकामुळंच पोरं वाचली, हे म्या ह्यांना कधी बोलले न्हाय. ते कसदार कसदार म्हणायचे, आणि म्या गप बसायची. मला ठाऊक होतं, तरी."

गंगम्माचे हात थांबले. बोलायला बरंच होतं. सात वर्षांचं होतं. शिवगंगा ते ऐकायलाच खाली उतरली होती, हेही दिसत होतं.

"असं धरू नको," गंगम्मा शेवटी म्हणाली. शिवगंगेने नुसतं काहीतरी करायचं म्हणून एक झुडूप उपटलं होतं. "बोंड सांडतं. बुडाशी धर."

शिवगंगेने बुडाशी धरलं.

"पुन्हा सहा वर्षं, अक्का?"

"जास्त लागतील. आता दहात नऊ भेसळ हाय."

ऊन उतरेपर्यंत दोघींनी गोळा केलं. गंगम्माने बोंडं दगडावर चोळली, बारीक काळपट धूळ सुपातल्या राखेत कालवली, आणि वाऱ्याकडे पाठ करून पट्टीवर टाकत गेली. एका पावलाला एक चिमूट, जास्त नाही, कमी नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी ओरडून काही म्हटलं. हसण्याचा आवाज आला. तिने वेग बदलला नाही.

पट्टीच्या शेवटी पोचून तिने मागे पाहिलं. शिवगंगा रित्या झुडपांनी भरलेली पाटी उचलून घराकडे वळली होती. दाणे बांधावर फडक्यात बांधलेले होते, शेजारी चार चिंध्या दगडाखाली दाबलेल्या.

नाल्याकडचा एक कोपरा सुटला होता, दोन हात जागेचा. राख संपत आली होती. गंगम्माने सुपाच्या तळाशी राहिलेली बोटांनी गोळा केली आणि ती परत फिरली.